बेटावरचा रविवार, बेटाचा सोमवार

कळव्याचा माणूस रोज बेटावर जातो. हे सांगितलं की लोक हसतात, पण नकाशा उघडून बघा. कळवा मुख्य भूमीवर आहे. लोकल सुटते, खाडीवरचा पूल लागतो आणि ठाणं येतं तेव्हा आपण साष्टी बेटावर पोचलेले असतो. मुलुंड, घाटकोपर, कुर्ला, सगळं बेटावरच. उष्ण कटिबंध आहे, खाऱ्या पाण्याचा वेढा आहे, नारळाची झाडं आहेत. बाली-मालदीवच्या जाहिरातीत जे जे असतं ते कागदोपत्री सगळं आहे. फक्त आम्ही तिथे सुट्टीला जात नाही. १८५४ साली आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत आली, तेव्हापासून आमच्या बाजूची माणसं हे बेट गाठतात ती पोटासाठी. कळव्याला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणून स्लो गाडीच्या दारात लटकून गाठतात.

त्यामुळे ‘बेटावर एक निवांत दिवस’ हे शब्द ऐकले की मला पहिला प्रश्न पडतो तो असा: निवांत नेमकं कोण असतं? जानेवारीतल्या एका रविवारी आईला घेऊन घारापुरीला गेलो, तेव्हा या प्रश्नाला हातपाय फुटले.

घारापुरी निवडायचं कारण साधं होतं. आईचे गुडघे, माझी एकच सुट्टी आणि विमानाचं तिकीट न काढता समुद्र बघायची तिची इच्छा. आईच्या आयुष्यात ‘फिरायला जाणं’ म्हणजे जेजुरी, अक्कलकोट आणि नात्यातली लग्नं. नुसतं बघायला आणि खायला म्हणून ती कुठे गेल्याचं मला आठवत नाही. शिवाय घारापुरी आपल्याच पाण्यावर आहे. कळव्याच्या पुलाखालची खाडी दक्षिणेला वाहत जाऊन मुंबई बंदरात उघडते, आणि त्या बंदरातच हे बेट आहे. तालुका उरण, जिल्हा रायगड.

रविवार होता म्हणजे मेगाब्लॉक होता. गाडी रखडत होती. रुळांवर नारिंगी जाकिटं घातलेली माणसं वाकून काम करत होती. आई खिडकीतून बघत म्हणाली, “यांचा रविवार कधी येतो?” मी म्हटलं, “असेल एखादा वार.” तेव्हा तो विषय तिथेच संपला.

गेटवेहून लाँचने तासाभरात बेट येतं. धक्क्यावरून छोटी आगगाडी आहे, त्यातही आई लहान मुलीसारखी खिडकीला बसली. मग पायऱ्या सुरू होतात, शंभरावर. दोन्ही बाजूंना ताडपत्रीच्या सावलीत दुकानं: दगडाचे हत्ती, माळा, टोप्या, मीठ-तिखट लावलेली काकडी, कैरीच्या फोडी, ताक. आणि पायथ्याशी डोलीवाले. खुर्चीला दोन दांडे, चार माणसं, चार खांदे.

आईने पायऱ्यांकडे पाहिलं, मग डोलीकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, “बसले तर लाज वाटेल. नाही बसले तर वर पोचणार नाही.”

नीतीचा प्रश्न इतक्या थोडक्यात कुणी मांडलेला मी अजून वाचलेला नाही. एका माणसाचा निवांत दिवस दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर उभा असतो, हे एरवी आपल्याला दिसत नाही. जेवण आणून देणारा मुलगा जिन्यापर्यंत येतो, चादरी बदलणारी बाई आपण बाहेर गेल्यावर येते. डोलीत ते लपत नाही. आपलं वजन नेमकं कुणावर आहे ते आपल्याला कळतं, आणि त्यालाही.

यावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं: त्यांचं पोट त्यावर आहे, पैसे द्या आणि बसा. दुसरं: माणसाने माणसाला वाहून नेणं अमानुष आहे, बसू नका. पहिल्या उत्तरात पैसे दिले की प्रश्न मिटतो, आणि पैसे देऊन काय काय विकत घेता येतं याला मग सीमाच राहत नाही. दुसऱ्या उत्तरात माझे हात स्वच्छ राहतात आणि त्याची त्या दिवसाची कमाई जाते. माझ्या स्वच्छ हातांची किंमत तो भरतो. अपराधी वाटणं हीसुद्धा एक चैन आहे, ती परवडणारेच करतात.

आई बसली. अर्ध्या वाटेवर एका दुकानापाशी ती म्हणाली, “भाऊ, जरा टेका. सगळेच बसा, ताक घेऊ.” तिच्या मनात चांगलंच होतं. चौघांनी खुर्ची टेकली, ताक घेतलं, आणि त्यांच्यातला वयाने मोठा होता तो हसत म्हणाला, “मावशी, तुम्ही आरामात बसा हो, पण आमची पुढची फेरी जाते.”

मला या वाक्याने खरोखर थांबवलं. तीच पायरी, तीच सावली, तेच ताक. आमच्यासाठी ती विश्रांती होती, त्यांच्यासाठी नुकसान. आईने लगेच विचारलं, “फेरीचे किती?” आणि दोन फेऱ्यांचे पैसे ठरवले. मग चौघंही टेकून बसले. एकाने चप्पल काढली.

मराठीत या फरकाला शब्द आहेत, आपण ते एकत्र ठेवून पाहत नाही. मी ऑफिसला गेलो नाही तर ती ‘रजा’. पोर्टलवर माझ्या नावावर ‘अर्जित रजा’ साठलेली असते, म्हणजे मी कमावलेली. तिचे पैसे कापले जात नाहीत, उलट काही ठिकाणी न वापरलेल्या रजेचे पैसे मिळतात. रोजंदारीवरचा माणूस कामाला गेला नाही तर तो ‘खाडा’. घरी बसलेला माणूस तसाच, ऊन तेच, पण एकाच्या खात्यात दिवस जमा होतो आणि दुसऱ्याच्या खात्यातून कापला जातो.

‘अर्जित’ हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. विश्रांती ही आधी कमवायची गोष्ट आहे, हे आमच्या पिढीच्या हाडात मुरलंय. सुट्टीवर गेलेला मित्र फोटोखाली लिहितो की हे मी कमावलंय. न कमावता निवांत बसणं म्हणजे आळस. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. २०२५च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची, रविवारीही कर्मचाऱ्यांना कामाला लावता येत नाही याची खंत व्यक्त करणारी चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर फिरली. आम्ही मीम केले, हसलो आणि सोमवारी परत लॅपटॉप उघडला. पण हसताना एक गोष्ट निसटली: रविवार मुळात आला कुठून?

तो ठाण्याच्या माणसाने आणला. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८, ठाणे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, काही काळ कापडगिरणीत स्टोअरकीपर. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८४ साली लोखंड्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. कामगारांच्या सभेत मागण्या ठरल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. आज ज्याला आपण वीकेंड म्हणतो त्याचा अर्धा भाग हा आहे.

या मागणीचं मला कौतुक वाटतं ते तिच्या स्वरूपामुळे. चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून दिवस द्या, असं लोखंडे म्हणत नव्हते. थकलेल्यावर दया करा, असंही नाही. सगळ्यांना द्या, दर आठवड्याला द्या, ठरलेल्या वारी द्या. आळशाला आणि कष्टाळूला एकच रविवार. विश्रांती ‘अर्जित’ नसून हक्काची असते, हे तत्त्व त्या कोरड्या वाटणाऱ्या यादीत आहे. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या चोविसाव्या कलमात विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क आला, तो त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

तत्त्वज्ञांनी फुरसतीवर बरंच लिहिलंय. ॲरिस्टॉटलच्या मते आपण काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून. फुरसतीसाठीच्या ग्रीक शब्दावरूनच इंग्रजीतला ‘स्कूल’ आला. पण ही फुरसत ज्यांना होती त्यांच्या घरात गुलाम होते, आणि ॲरिस्टॉटलने गुलामीचं समर्थनही केलं. त्याने एक गमतीचा मुद्दा मांडलाय: मागावरचा धोटा आपला आपण विणू लागला तर मालकाला गुलामांची गरज उरणार नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत धोटा खरंच यंत्रावर पळू लागला. गुलामी कायद्याने संपलेली होती. तरी धोट्यामागच्या माणसाला रविवार मिळाला नाही, तो मागून घ्यावा लागला. बर्ट्रांड रसेलने १९३२ साली आळसाचं कौतुक करणारा निबंध लिहिला, त्यात दिवसाला चार तास काम पुरे म्हटलं, आणि गरिबांना फुरसत असावी ही कल्पना श्रीमंतांना नेहमीच धक्कादायक वाटत आली आहे असंही नोंदवलं. यंत्र आलं की फुरसत आपोआप येत नाही. ती वाटावी लागते. मी यंत्रांना काम शिकवण्याचा पगार घेतो, म्हणून हे मला लक्षात ठेवावं लागतं.

पण लोखंड्यांच्या रविवारात एक पेच आहे, आणि तो घारापुरीत उघडा पडतो. शहराला रविवार मिळाला की शहर बाहेर पडतं. बाहेर पडलं की त्याला लाँच लागते, ताक लागतं, जेवण लागतं, डोली लागते. म्हणजे माझा रविवार हाच कुणाचा तरी सगळ्यात जास्त कामाचा दिवस. लेणी सोमवारी बंद असतात. ताक पीत असताना आईने गाडीतला प्रश्न इथे परत काढला, “मग तुमची सुट्टी सोमवारी?” तो म्हणाला, “लेणी बंद म्हणून धंदा बंद. सुट्टी म्हणा.” त्या ‘म्हणा’मध्ये रजा आणि खाडा यांच्यातलं सगळं अंतर होतं.

वर पोचल्यावर आम्ही लेणं बघितलं, घाई न करता. सहाव्या शतकातलं काम. सुमारे वीस फुटांचा सदाशिव, तीन चेहरे, मधला डोळे मिटून शांत. सगळे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात, आम्हीही काढला. उत्तरेच्या दाराशी एका बाजूला नाचणारा शिव आहे आणि दुसऱ्या बाजूला योगात बसलेला शिव. एकाच देवाचं काम आणि विसावा आमनेसामने ठेवलेले. पण मला जास्त वेळ धरून ठेवलं ते पूर्वेकडच्या दोन शिल्पांनी. दोन्ही फार झिजलेली, फुटलेली आहेत. एकात रावण कैलास उचलतोय. वर शिव-पार्वती बसलेले, खाली तो सगळे हात लावून डोंगर हलवतोय. दुसऱ्यातही कैलासच, आणि शिव-पार्वती फाशांचा खेळ खेळतायत असं अभ्यासक सांगतात.

कथेतला रावण काही हमाल नव्हे, तो गर्वाने डोंगर उचलायला गेला होता, हे मला माहीत आहे. तरी नुकताच डोलीच्या शेजारून चालत आलेल्या माणसाला ते शिल्प वेगळंच दिसतं. वर निवांतपणा, खाली खांदे. वरचे खाली येणार नाहीत, खालचा वर जाणार नाही. आणि त्याच लेण्यात निवांतपणाचं दुसरं चित्र आहे, खेळाचं. खेळात डाव एकाचाच नसतो. एकदा तुझा, एकदा माझा. पार्वती हरत असेल, चिडत असेल, पण तिचा डाव येतो.

मला मिळालेलं उत्तर एवढंच आहे. दुसऱ्याच्या श्रमावर निवांत होणं हे मुळात पाप नाही. आपण सगळेच कुणाच्या तरी श्रमावर विसावतो, तान्हं मूल आईच्या आणि म्हातारी आई मुलाच्या. प्रश्न असा विचारावा: इथे डाव फिरतो का? आज मी बसलोय, तो उभा आहे. उद्या, परवा, केव्हातरी तो कुठेतरी बसणार आहे का, आणि तेव्हा कुणीतरी त्याच्यासाठी उभं राहणार आहे का?

हे फार हवेतलं नाही. माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यात तीन पाळ्यांत काम करायचे. रात्रपाळी कुणालाच नको असायची, पण दर आठवड्याला पाळी बदलायची, म्हणून कुणी तिला अन्याय म्हणत नव्हतं. आमच्या टीममध्ये आज तेच आहे, नाव फक्त ‘ऑन-कॉल’. मी आईसोबत घारापुरीला होतो तेव्हा माझ्या सिस्टिमवर एक सहकारी नजर ठेवून होती. पुढच्या रविवारी ती अलिबागला होती आणि अलार्म माझ्या फोनवर वाजत होता. मला तिच्याबद्दल अपराधी वाटलं नाही, तिलाही माझी दया आली नाही. जिथे डाव फिरतो तिथे या दोन्ही भावनांची गरज उरत नाही.

डोलीवाल्याशी मी पाळी बदलू शकत नाही, हे उघड आहे. माझे खांदे त्या कामाचे नाहीत. पण डाव फिरण्यासाठी तीच खुर्ची लागत नाही. रविवारची कमाई इतकी हवी की सोमवार खाडा न वाटता सुट्टी वाटेल. यातलं थोडं माझ्या हातात आहे: फेरीच्या पैशात घासाघीस न करणं, थांबवलं तर थांबण्याचे पैसे देणं. बरंचसं एकट्या पर्यटकाच्या हातात नाही, ते व्यवस्थेने करायचं असतं. माथेरानचं उदाहरण ताजं आहे. तिथल्या हातरिक्षा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, माणसाने माणसाला ओढणं प्रतिष्ठेला धरून नाही म्हणून. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, त्यांना ई-रिक्षा द्या, असंही सांगितलं. वजन यंत्राकडे जावं आणि धंदा माणसाकडे राहावा. ‘बसू नका’ म्हणणाऱ्याला नेमकी ही दुसरी अर्धी गोष्ट सुचत नाही.

आणि डाव न फिरण्याचं उदाहरण हवं असेल तर तेही घारापुरीतच आहे. १९८७ साली ही लेणी जागतिक वारसा झाली. जगभरातून माणसं येत राहिली. बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. त्यांना पाण्याखालून केबल टाकून चोवीस तासांची वीज मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तासांचा जनरेटर. समोर मुंबई रात्रभर लखलखत असायची. पर्यटकाला हे कळायचा मार्गच नव्हता, कारण बेटावर रात्री राहायची त्याला परवानगी नाही. शेवटची लाँच अंधार पडायच्या आत निघते. दिवस आमचा होता, अंधार त्यांचा. तीस वर्षं आम्ही बेट फक्त उजेडात पाहिलं आणि निवांत जागा म्हणून एकमेकांना सुचवलं.

दुपारी आम्ही जेवलो. तांदळाची भाकरी, बोंबील, भात, सोलकढी. आईने सोलकढी दोनदा मागितली आणि काटे काढत पाऊण तास जेवली. घरी ती कधी एवढा वेळ जेवत नाही, सगळ्यांना वाढून झालं की उरलेलं उभ्यानेच खाते. आमच्या स्वयंपाकघरात डाव किती वर्षं फिरलेला नाही, हा या लेखाचा विषय नाही असं म्हणून मला पुढे जाता आलं असतं. पण तो याच लेखाचा विषय आहे. बेटावरच्या माणसांच्या सोमवारचा विचार करणं तुलनेनं सोपं आहे. आईचा कुठलाच वार बंद नसतो, आणि तिथे न्यायालय येणार नाही, केबल टाकली जाणार नाही.

आता रविवारी रात्रीचं जेवण मी करतो. भाकरी येत नाही, खिचडी येते. आई बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसते आणि दर पाच मिनिटांनी विचारते, “मीठ घातलंस का?”